बहिणीच्या बकऱ्या आणि माझा सागवानी कूलर

नागपुरात उन्हाळा काढायचा म्हणजे कूलर पाहिजे, आणि कूलर म्हटला की लोखंडी पत्र्याचा. माझा सागवानाचा आहे. लकडगंजात लाकूड चिरायच्या आरा मशीनवर चाळीस वर्षं उभा राहिलो. त्या काळात मालकाच्या कामाचे नसलेले तुकडे जमवत गेलो आणि त्यांची चौकट केली. खिळा एक नाही, सगळे सांधे खाचेचे. खाली पाण्याची टाकी, तीन बाजूंना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, आणि खिडकीत तो असा बसवला की चारही बाजूंच्या फटी लाकडी पट्ट्यांनी बंद. लोक पाहायला येत. मी म्हणायचो, ‘‘सुई घालून दाखव गा.’’ कोणी कधी सुई आणली नाही, म्हणून ते खरं राहिलं.

घरात नियम एकच होता. कूलरला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. बायको होती तोपर्यंत तिनं पाळला, मग मुलानं पाळला. सुनेनं पाळला, पण बोलून दाखवायची.

गेल्या फाल्गुनात ती म्हणाली, ‘‘बाबा, कूलरवर वरच्या पट्टीमागं कबुतरानं घर केलं. पिल्लं हायेत. उडाली का ते काढून टाका अन् धुऊन घ्या ना.’’

‘‘कूलर मी बनवला का तू?’’

‘‘तुम्हीच बनवला. कबुतरालेही आवडला.’’

चैत्रात पिल्लं उडाली. मी ताट्यांत नवी खस भरली, टाकी घासली, मोटरला तेल दिलं. पट्टीमागं हात घातला नाही. पट्टी काढायची म्हणजे सांधा खोलायचा. आणि खरं सांगायचं तर ती पट्टी ऊन खाऊन वाकली होती, तिच्यामागं खोलीच्या बाजूनं बोटभर फट सुटली होती. मला ते दोन वर्षांपासून माहीत होतं. पट्टी काढली असती तर सगळ्यांना दिसलं असतं.

त्याच दिवसांत माझी धाकटी बहीण आली. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, नवरा कधीचाच गेलेला, मूलबाळ नाही. भंडारा रस्त्यानं एसटीनं दीड तास आणि मग पायी अर्धा, तिथं तिचं गाव. घर, मागं गोठा, गोठ्यात चार बकऱ्या. त्यातली एक पांढरी. फोनवर बोलताना आधी बकऱ्यांचं सांगायची, मग स्वतःचं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मीच हट्टानं बोलावून घेतलं. म्हटलं, माझ्या घरी राहा, रामदासपेठेत चांगला डॉक्टर आहे, एक डोळा आता, दुसरा पुढच्या महिन्यात. बकऱ्या दिराच्या भरवशावर ठेवून ती आली. रक्त तपासणं, साखर तपासणं यात दहा-बारा दिवस गेले. तोपर्यंत ती सुनेजवळ आतल्या खोलीत झोपायची. मग एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘दादा, तू तं लयच म्हातारा झाला गा!’’

‘‘अन् तू काय पोट्टी राहिली का?’’

‘‘मले काय मालूम? आरसा कुठं पाहिला अजून.’’

सुनेनं आरसा आणून दिला. तिनं पाहिलं आणि उलटा ठेवला. आम्ही तिघं पोट धरून हसलो. त्या घरातलं ते आमचं शेवटचं हसणं.

ऊन तापलं होतं. मी म्हटलं, बहिणीचा डोळा नवीन आहे, घाम नको. माझी खाट, जी बरोबर कूलरसमोर असते, ती तिला दिली. कोणालाच कधी दिली नव्हती, मुलगा लग्न होऊन आला तेव्हाही नाही. कूलर सुरू केला. खसचा वास खोलीभर पसरला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी ती मान खाजवत उठली. मानेवर, दंडांवर, कमरेच्या पट्ट्यात लाल पुरळ. बारीक, मधोमध टोचल्यासारखं. सुनेला काळजी वेगळीच. ‘‘आत्याबाई, त्या हातानं डोळा चोळू नका बरं.’’ तिनं तिची नखं कापून दिली. दोन दिवसांत पुरळ पाठीवर गेलं.

मी पाहिलं आणि म्हटलं, ‘‘ही खरूज आहे. तुह्या बकऱ्यायची.’’

‘‘माह्या बकऱ्यायले काही नाही दादा. केस पाहा त्यायचे, कशे चमकते.’’

‘‘मले नको शिकवू. मी काय खरूज पाहिली नाही का?’’

पाहिली होती. भोगली होती. मी चौथीत होतो तेव्हा घरच्या बकऱ्यांना खरूज झाली आणि माझ्या हातांना आली. गुरुजींनी मला दाराजवळ गोणपाटावर वेगळं बसवलं. पोरं खरजुल्या म्हणायला लागली. मी दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी पाटी उचलली आणि घरी आलो, परत गेलो नाही. वडिलांनी झोडपलं, तरी नाही. माझं शिक्षण तिथं संपलं. त्या दिवसांत आईला कामातून सवड नव्हती. ही माझी बहीण, जेमतेम सहा वर्षांची, वाटीत करंजीचं तेल आणि गंधक कालवून माझ्या बोटांच्या बेचक्यांत चोळायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला मात्र खरूज आली नाही, हे मला फार वर्षांनी आठवलं. यंदाच आठवलं.

पण वैशाखात ते आठवलं नाही. तेव्हा फक्त गोणपाट आठवलं. माझ्या घरात खरूज नको, एवढंच डोक्यात बसलं. मेडिकलवरून मलम आणलं. तिची लुगडी, चादर, उशी उकळत्या पाण्यात टाकायला लावली. तिची ताट-वाटी वेगळी काढली. आणि तिची झोपायची जागा बाहेर ओट्यावर केली, वर हिरवी जाळी बांधून. सून मध्ये पडली.

‘‘बाबा, डॉक्टरले तं दाखवू एकदा.’’

‘‘डॉक्टर काय सांगन? मी सांगून राहिलो ना.’’

बहीण उठली. गाठोडं उचललं आणि ओट्यावर गेली. चार दिवसांत तिचं पुरळ बसायला लागलं. मी सुनेला म्हटलं, ‘‘पाहिलं? मलमाचा गुण.’’ आणि माझी खाट परत घेतली.

आता ती गोष्ट, जी लिहायला मी एवढे कागद काळे करून राहिलो.

आरा मशीनवरचा माझा जुना सोबती एक दिवस दुपारी आला. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. बहिणीला वाटलं, पाहुणा आला, सून आत कामात आहे, आपण चहा करावा. हात साबणानं धुतले तिनं, मी नळाचा आवाज ऐकला. दोन कप घेऊन आली, काळा चष्मा लावलेला, जपून पाय टाकत. सोबत्यानं हात पुढं केला. मी म्हटलं,

‘‘तिच्या हातचा घेऊ नको बापा. तिले बकऱ्यायची खरूज लागली आहे.’’

त्याचा हात तसाच राहिला. मग त्यानं तो मांडीवर ठेवला. तो भला माणूस, म्हणाला, ‘‘मी आताच पिऊन आलो ना वहिनीकडून.’’ त्याच्या घरी वहिनी कोणीच नाही.

बहीण वळली. मग कप घेऊन ओट्यावर गेली, बसली, आणि एकामागून एक दोन्ही कप तिनं स्वतः प्यायले. पाठ आमच्याकडे. घाई केली नाही. शेवटचा घोट घेऊन दोन्ही कप विसळले आणि पालथे घातले.

दुसऱ्या दिवशी सुनेच्या मोबाइलवरून तिनं दिराला फोन केला. मी आतून ऐकत होतो.

‘‘चारही बाजारात काढून टाक... नाही, ठेवू नको... दादानं सांगितलं का त्यायले खरूज आहे. तो शहरात राहते, त्याले समजते... हो, पांढरी पण.’’

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी तेव्हा ओट्यावर जाऊन ‘थांब’ म्हणू शकलो असतो. मला वाटलं, बरं झालं, सुटली.

त्याच आठवड्यात तिनं गाठोडं बांधलं. सून म्हणाली, ‘‘आत्याबाई, दुसऱ्या डोळ्याची तारीख आहे ना.’’

‘‘दुसरा कायले पाहिजे वं? एकानंच लय दिसलं.’’

मी तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेलो. बसमध्ये ती पलीकडच्या बाजूला अशी बसली की ऑपरेशन झालेला डोळा खिडकीकडे असावा. माझ्याकडे न झालेला.

ती गेल्यावर पाच-सहा दिवसांत माझी मान खाजायला लागली. मग दंड, मग कंबर. तेच पुरळ, त्याच जागा. मी काय म्हटलं असेल? ‘‘पाहा, जाता जाता मले देऊन गेली.’’ मी मलम चोळलं. आठ दिवस चोळलं. अंघोळीच्या पाण्यात कडुलिंब टाकला. कातडी सोलून निघाली, खाज गेली नाही. शेवटी मुलानं सुट्टी काढली नाही म्हणून सूनच मला रामदासपेठेत चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी भिंग घेऊन बोटांच्या बेचक्या पाहिल्या, मनगटं पाहिली.

‘‘बेचक्यांत काहीच नाही. ही माणसाची खरूज दिसत नाही. घरात जनावर आहे का कोणतं?’’

‘‘नाही. बहिणीच्या बकऱ्या होत्या, गावी. तिनं आणली.’’

‘‘बहिणीला खाज कधी सुरू झाली? इथं आल्यावर किती दिवसांनी?’’

सून म्हणाली, ‘‘पंधरा दिवस झाले होते.’’

‘‘बकऱ्यांची खरूज माणसाला लागते, पण बकऱ्यांजवळ असताना लागते. बकरी लांब गेली की काही दिवसांत आपली आपणच जाते. पंधरा दिवस लांब राहून नव्यानं सुरू होणार नाही. आता कशी आहे त्यांची?’’

‘‘ओट्यावर झोपायला लागल्या तवापासून बरी आहे मॅडम,’’ सून म्हणाली. ‘‘अन् त्या आत होत्या तेव्हा बाबायच्याच खाटेवर झोपत होत्या.’’

बाईंनी पेन ठेवला. ‘‘खाट कुठं आहे? खिडकीजवळ? तिथं कबुतर वगैरे?’’

मी म्हटलं, ‘‘नाही.’’

हे खोटं मी डॉक्टरसमोर, सत्तरी ओलांडल्यावर, अंगावर पुरळ घेऊन बोललो.

‘‘हाय ना,’’ सून म्हणाली. ‘‘कूलरवर घरटं आहे. पिल्लं उडून गेली चैत्रात.’’

मग बाईंनी नीट समजावलं. पक्ष्यांच्या घरट्यात डोळ्यांना सहज न दिसणारे किडे असतात, पक्ष्यांचं रक्त पिऊन राहतात. पिल्लं उडाली की ते उपाशी पडतात. मग मिळेल त्या फटीतून घरात उतरतात आणि जो जवळ असेल त्याला चावतात. माणसाच्या अंगावर त्यांचा संसार होत नाही, चावतात आणि परत लपतात. तुमच्यापासून कोणाला लागत नाही. घरटं काढा, तोंड-हात झाकून काढा, जागा धुवा, फट बुजवा. खाजेसाठी हे औषध. मलम बंद करा, त्यानंच कातडी गेली.

‘‘कोणाला लागत नाही?’’ मी विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘कपाला हात लावला तरी?’’

बाई हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा गमतीनं विचारतो.

घरी येऊन मी सांधा खोलला. छिन्नी दोनदा घसरली. पट्टीमागं काड्या, वाळलेली घाण, एक फुटकं अंडं. पट्टीवर बोट फिरवलं तर राखेसारखी बारीक भुकटी, आणि ती भुकटी चालत होती. फट सुनेनं पाहिली. बोटभर. तिनं काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, मी भांडलो असतो.

आठ दिवसांत माझी खाज गेली. तिच्या बकऱ्या तर केव्हाच गेल्या होत्या.

फोनवर सांगावं असं मुलगा म्हणाला. मी म्हटलं, फोनवर नाही, जाऊन सांगीन. जुलैत गेलो. माझ्या मनात एवढंच होतं की सांगायचं, आणि तिला दुसऱ्या डोळ्यासाठी सोबत घेऊन यायचं. त्या डोळ्यानं तिला आता अंधूकही दिसत नव्हतं, दिरानं कळवलं होतं.

ओट्यावर तिच्या दोन शेजारणी तांदूळ निवडत बसल्या होत्या. तीही. मागच्या गोठ्यात गोवऱ्या रचलेल्या. दावणीचे दोर खुंटीला नीट गुंडाळून टांगलेले. मी तिच्याजवळ बसलो आणि हळू आवाजात सांगितलं. तुह्या बकऱ्यांचं काही नव्हतं. कबुतराचं होतं. माह्या कूलरचं होतं.

तिनं सुपातून मान वर केली नाही.

‘‘काय म्हणून राहिला दादा? मोठ्यानं बोल. मले ऐकू नाही येत.’’

गोठ्यात बकरीनं दोर चावला तर घरात झोपेतून उठणारी बाई ती. शेजारणींनी हात थांबवले आणि माझ्याकडे पाहिलं. आता माझ्या तोंडात शब्द होता. एक शब्द मोठ्यानं बोलायचा होता, बस. त्या दिवशी सोबत्यापुढं मी तिला मोठ्यानंच बोललो होतो.

‘‘पाणी दे, म्हटलं,’’ मी म्हणालो.

तिनं उठून पाणी दिलं. मी प्यालो आणि शेवटच्या बसच्या आधीच्या बसनं परत आलो. दुसऱ्या डोळ्याचं नाव कोणत्या तोंडानं काढणार होतो?

राखीला तिची राखी आली नाही. अशी पहिलीच वेळ. सुनेनं पोस्टमनला दोनदा विचारलं.

तेव्हा मी ही वही घेतली. बोलता येत नाही तर लिहून नेऊ, वाचायला तरी जमेल, असं वाटलं. चौथीपर्यंतची अक्षरं, त्यात हात कापतो. सून म्हणाली, मी शुद्ध करून देते. मी म्हटलं, शब्दांच्या काना-मात्रा कर, बाकीच्याला हात लावू नको. तिनं वाचलं आणि एवढंच विचारलं, ‘‘फटीचं पण लिहिलं? तुम्हाले आधीच मालूम होतं ते?’’

‘‘लिहिलं.’’

पोळा झाल्यावर गेलो. त्याच दोघी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, तिसरी दारात उभी होती. बहीण काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसली होती. मी चष्म्याचं विचारलं नाही, म्हटलं आधी वाचतो. वही काढली आणि मोठ्यानं वाचलं, कूलरपासून राखीपर्यंत. अडखळलो. बोटांच्या बेचक्यांच्या जागी थांबावं लागलं. तिसरी बाई जवळ येऊन बसली. 

वाचून झाल्यावर बहीण म्हणाली, ‘‘दोन्ही कप मी प्यायले, ते लिहिलं?’’

‘‘वाचलं ना आता.’’

‘‘हो. मंग ठीक आहे.’’ मग म्हणाली, ‘‘पांढरी कशी गेली ते नाही लिहिलं तू. तुले मालूमच नाही म्हणा. गाडीत चढेच ना ते. मी इथं नाही, तं तिनं दिराले हातच लावू देला नाही. शेवटी माहं जुनं लुगडं नेऊन गाडीत ठेवलं, मंग चढली.’’

मी म्हटलं, ‘‘मी दुसरी आणून देतो. तू सांग कशी पाहिजे.’’

‘‘आता नको. आता होत नाही माह्यानं.’’

मग मी ज्यासाठी आलो होतो ते बोललो. ‘‘डोळ्याची तारीख घेऊ का वं? सूनबाई विचारून राहिली होती. खाट आतल्या खोलीत टाकली आहे.’’

तिनं चष्म्याला बोट लावलं. ‘‘हा कायले लावला मंग? तालुक्याले शिबिर होतं. आठ दिवस झाले. हिनं नेलं मले.’’ आणि शेजारच्या बाईकडे हात केला. ती बाई ओशाळून तांदळाकडे पाहायला लागली.

‘‘कळवलं नाही.’’

‘‘तू होता ना कामात,’’ बहीण म्हणाली. आरा मशीन सुटल्यापासून मला कोणतंच काम नव्हतं, हे तिला माहीत होतं.

थेंब टाकायची वेळ झाली. बाटली कोनाड्यात होती. मी उठून घेतली. म्हटलं, ‘‘मी टाकतो.’’

‘‘तुहा हात हालते दादा. ही टाकते बरोबर.’’

तिनं चष्मा काढला आणि कुठं ठेवू म्हणून इकडंतिकडं पाहिलं. मी हात पुढं केला. तिनं तो माझ्या हातात दिला. मान मागं टाकली, शेजारणीनं दोन बोटांनी पापणी उघडली आणि थेंब टाकले. पाच मिनिटं डोळा मिटून ठेवायचा असतो. तेवढी पाच मिनिटं मी तिचा चष्मा धरून बसलो.